कोथरूडच्या जुन्या टू बीएचकेचं नूतनीकरण: पैसे आधी कशावर घालावेत?

शेवंती

नमस्कार मंडळी. घराच्या नूतनीकरणाबद्दल तुमचा सल्ला हवा आहे.

फ्लॅट कोथरूडमध्ये, १९८४ सालचा. तळमजला आणि वर दोन मजले अशी इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. कार्पेट एरिया ६२० चौरस फूट. हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या, पश्चिमेला बाल्कनी. छताची उंची साडेनऊ फूट. घरात आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी, शाळकरी मुलगा आणि सासूबाई. त्यांचं वय ७८, गुडघे दुखतात, पण स्वतःचं सगळं स्वतः करतात.

घरात काय आहे ते सांगते. हॉल आणि खोल्यांना मोझॅक, क्रीम रंगावर हिरव्या-तपकिरी चिपा. स्वयंपाकघरात शहाबादी फरशी. खिडक्या सागवानी, दोन झडपांच्या, बाहेरून गज. वायरिंग लाकडी पट्टीवरचं, नळाच्या लाइनी लोखंडी. पश्चिमेच्या खोलीत दर पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पोपडे धरतात आणि खाली लोणा फुटतो.

एका डिझायनरने आराखडा करून दिला. सगळी फरशी फोडून मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सगळीकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग, अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या, टीव्हीमागे पॅनेलिंग, आणि हॉल-स्वयंपाकघरामधली भिंत पाडून ओपन किचन. चित्रं सुंदर आहेत, मुलांना फार आवडली. पण त्या अंदाजपत्रकात ओल, वायरिंग आणि पाइप या तिन्हींना मिळून एक ओळ आहे, तीही 'गरजेनुसार'. तिथे माझं मन अडलं.

घरच्यांना दिवाळीआधी रंग व्हावा असं वाटतंय. मला विचारायचंय ते हे: तुम्ही माझ्या जागी असता तर पैसे आधी कशावर घातले असते? आणि यातलं काय ठेवलं असतं?

तुळई

सिव्हिलमध्ये आयुष्य गेलं आहे म्हणून आधी भिंतीबद्दल लिहितो. त्या काळातल्या दोन-तीन मजली इमारती पुष्कळदा लोड बेअरिंग असतात. म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा नसतो, स्लॅबचं ओझं विटेच्या भिंतीच खाली नेतात. अशा इमारतीत नऊ इंची भिंत पाडायचा विचारही करू नका. साडेचार इंची असली तरी तिच्यावर माळ्याचा स्लॅब टेकलेला असू शकतो. महापालिकेचा परवाना असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, त्यांचं लेखी मत घ्या, ते सोसायटीला द्या, मगच भिंतीचा विषय काढा. खाली दोन कुटुंबं राहतात, त्यांचाही जीव त्याच भिंतीवर आहे.

वायरिंगसाठी भिंतीत खाचा मारतानाही हेच. उभी खाच चालते. साडेचार इंची भिंतीत लांबलचक आडवी खाच मारू देऊ नका, भिंत तिथेच कमजोर होते. कामगारांना आडवं नेणं सोपं वाटतं कारण वायर कमी लागते.

आता ओल. पाऊस चालू आहे तोवर तुमच्याकडे सर्वात चांगली संधी आहे. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. मोठा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांत डाग रेघेबाहेर गेला तर पाणी बाहेरून येतंय: गच्चीच्या कठड्याचा सांधा, खिडकीवरचा छज्जा, बाहेरच्या गिलाव्यातली चीर. पाऊस असो-नसो डाग तेवढाच राहिला तर पाइप तपासा. अजून एक सोपी चाचणी आहे. भिंतीला हातभर अॅल्युमिनियमचा कागद चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर ती हवेतली आहे, खोली खेळती ठेवली की कमी होते.

पुण्यात पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेची भिंतच आधी रडते. आतून वॉटरप्रूफ रंग लावून ती थांबत नाही, पाणी दुसरीकडून वाट काढतं. दुरुस्ती बाहेरून आणि गच्चीवरून करावी लागते.

आणि दिवाळीआधी रंग नको. चार महिने पाणी प्यायलेली भिंत ऑक्टोबरात वाळलेली नसते. त्यावर पुट्टी-प्रायमर चढवलं की पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. दिवाळीनंतर बाहेरची दुरुस्ती करा, भिंत उघडी वाळू द्या, रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये.

नवंकोरं

मी थोडी वेगळी बाजू मांडते, कारण आम्ही गेल्या वर्षी कर्वेनगरच्या घरात सगळी फरशी बदलली आणि समाधानी आहोत. मोझॅकवर हळदीचे, तेलाचे डाग बसतात, सांध्यांत काळं साठतं. टाइल्स एका पोछ्यात स्वच्छ होतात. दोघं नोकरीवर जाणाऱ्या घरात याला किंमत आहे. जुन्या फरशीवरच केमिकलने नवी टाइल चिकटवली, त्यामुळे फोडाफोड आणि राडारोडा वाचला. दारं मात्र खालून कापावी लागली आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी उंची बदलली, ते आधीच मोजून ठेवा.

मुलांना आवडलंय याकडेही दुर्लक्ष करू नका. घर त्यांचंही आहे.

शेवंती

तुळई, तुमचा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला. रंग फेब्रुवारीत यावर एकमत झालं. हॉल-स्वयंपाकघरातली भिंत नऊ इंची आहे, पट्टी लावून पाहिली. ओपन किचन रद्द.

नवंकोरं, तुमचा मुद्दा पटतो. फरशीचं अजून ठरत नाहीये. कुणी जुन्या मोझॅकला पॉलिश करून घेतलं आहे का?

दोनशेतीस

फरशीचं होईल सावकाश. लाकडी पट्टीवरचं वायरिंग वाचून मी लिहायला बसलो. १९८४ मध्ये घरात पंखे, ट्यूबलाइट, मिक्सर आणि फार तर फ्रिज होता. आज त्याच वायरीवर गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह, उद्या एसी. वायरीचं आवरण इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतं. सगळं वायरिंग नव्याने करा. इथे काटकसर नको.

कागदावर लिहून घ्या: दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, साध्या प्लगना २.५, एसी आणि गिझरला ४, आणि प्रत्येकाचं स्वतंत्र सर्किट. प्रत्येक प्लगला अर्थिंग हवं. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते, हे मी कित्येक ठिकाणी पाहिलं आहे. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. एसी घ्यायचा असेल तर महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर पाहा आणि लागेल तर वाढवून घ्या.

पॉइंट कुठे द्यायचे ते ठरवण्यासाठी खोलीत खडूने फर्निचर आखा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना स्विच. सासूबाईंच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत पायाशी लागणारा मंद दिवा. आणि गौरी-गणपती कुठे बसतात तिथे दोन प्लग. तुमच्याकडे बसत असतील तर मखराची जागा ठरवल्याशिवाय टीव्हीची भिंत ठरवू नका. भाद्रपदात एक्स्टेंशनच्या वायरी हॉलभर पसरतात आणि वयस्कर माणसं त्यांनाच अडखळतात.

भिंती बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, टेपने मापं दिसतील असे. नंतर खिळा ठोकताना उपयोगी पडतात.

सांजवेळ

सासूबाईंचं वय वाचलं म्हणून लिहिते. माझ्या आईसाठी बाथरूम करून घेताना फिजिओथेरपिस्टबरोबर बसून एकेक गोष्ट ठरवली होती. सजावटीच्या धाग्यांवर याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही, पण घरातल्या सर्वात नाजूक माणसाचा दिवस यावर अवलंबून असतो.

बाथरूमचं दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार उघडताच येत नाही. कडी अशी हवी की बाहेरून नाण्याने फिरवून उघडेल. उंबरा काढता आला तर काढा, नाही तर अर्ध्या इंचावर आणून कड तिरकी करा. टाइल मॅट आणि खरखरीत, दुकानात तिच्यावर पाणी टाकून ओल्या पायाने उभं राहून बघा. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी पकडायच्या दांड्या, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, विटेत खोल बोल्टने बसवलेल्या. नुसत्या टाइलच्या भरवशावर नकोत, आणि टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे.

आंघोळीसाठी भिंतीला घडी होणारं स्टूल लावा आणि हाताने धरायचा शॉवर. काचेचं पार्टिशन डिझायनर सुचवेलच. पण बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर काचेवर पांढरे डाग रोज पुसावे लागतात.

बाथरूमची फरशी काढणारच असाल तर वॉटरप्रूफिंग पूर्ण नव्याने करा. टाइल बसवण्याआधी नहाणी ट्रॅप बंद करून दोन-तीन दिवस पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत रोज बघून या. ठेकेदार एका रात्रीत उरकू म्हणेल. ऐकू नका.

कढीलिंब

स्वयंपाकघर माझा विषय! ओट्याची उंची आधी. सगळीकडे ठरावीक मापाचा ओटा करून देतात. जी व्यक्ती रोज उभी राहते तिने कोपर दुमडून उभं राहायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे. तो तुमचा ओटा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईला साधारण ३३-३४ इंच येतात. शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर तिचीही उंची धरा, नाहीतर मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना खांदा वर जातो आणि संध्याकाळी मान आखडते.

ओट्याखाली काय करायचं यावर माझं ठाम मत आहे. कडप्प्याचे उभे कप्पे आणि त्यात स्टीलच्या ट्रॉल्या. कडप्पा भिजत नाही, फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. आपल्या आया-मावश्यांच्या घरी तसे कप्पे अजून धडधाकट आहेत. बाहेरून दार मात्र हव्या त्या रंगाच्या लॅमिनेटचं लावा, दिसायला मॉड्युलरच दिसतं. ट्रॉल्यांच्या बिलावर '३०४ ग्रेड' लिहून घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण २०२ आणि ३०४ दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही.

गॅसचं विसरू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला तळाशी जाळी हवी. पाइपलाइनचा नैसर्गिक गॅस हलका, तो वर जातो, म्हणून तिथे हवा वरून खेळती हवी. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह कपाटात बंद करू नका, आणि पाइप सरकवायचा असेल तर गॅस कंपनीच्याच माणसाकडून.

उजेड आपल्या समोरून आला पाहिजे. दिवा पाठीमागे छताला असतो आणि आपलीच सावली विळीवर पडते. भिंतीवरच्या कपाटांच्या खाली एलईडीची पट्टी लावा. आणि धुतलेली भांडी निथळायला सिंकशेजारी दोन फूट मोकळा ओटा ठेवा. घासणारी ताई आणि तुम्ही, दोघींची सोय होते.

करवत

सुतारकामाचं थोडं. आमचं पिढीजात काम आहे.

सागवानी खिडक्या टाकू नका. दोन काचांची स्लायडिंग खिडकी अर्ध्याहून जास्त उघडत नाही, कारण एक काच दुसरीच्या मागे जाते. दोन झडपांची खिडकी पूर्ण उघडते. गच्चीखालच्या घरात एप्रिलमध्ये हा फरक अंगाला कळतो. पत्रा-पट्टीने घासून जुना रंग काढा, कुजलेला तुकडा असेल तर तेवढाच कापून नवा सांधा, बिजागऱ्या बदला, पॉलिश किंवा तेलरंग द्या. डासांसाठी आतून चुंबकाची जाळी बसते. त्या जाडीचं जुनं, मुरलेलं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर खिडक्यांचाच खर्च डोईजड होईल.

प्लायवूडवर आयएसआयचा शिक्का आणि क्रमांक पाहून घ्या. आयएस ७१० म्हणजे मरीन, ते सिंकच्या आसपास. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार असतात, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) आणि एमआर (फक्त दमटपणा सोसणारं). कपाटांना बीडब्ल्यूआर घ्या. शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. घरी आलेल्या प्रत्येक शीटवरचा शिक्का स्वतः बघा, फक्त वरच्या एका शीटवरचा नव्हे. एमडीएफला पाणी लागलं की ते फुगतं आणि परत बसत नाही, म्हणून जमिनीलगत तरी ते नको.

कपाट पश्चिमेच्या ओल्या भिंतीला लावू नका. भिंत दुरुस्त झाली तरी मागे दोन बोटं हवा खेळू द्या, नाहीतर कपड्यांना कुबट वास येतो. पुस्तकांचा शेल्फ १८ मिलिमीटर प्लायचा असेल तर अडीच फुटांवर मधे उभा आधार द्या, त्याहून लांब फळी दोन-तीन वर्षांत पोटात येते. आणि त्याला काचेची दारं लावा. पुण्यात जिथे बघाल तिथे बांधकाम चालू आहे, उघड्या शेल्फवर रोज धूळ.

मोजमाप कसं धरणार ते आधी लिहून घ्या. कपाट बहुतेक जण समोरून उंची गुणिले रुंदी धरतात: सात फूट उंच, सहा फूट रुंद म्हणजे ४२ चौरस फूट. त्यात आतले ड्रॉवर, कड्या, कुलपं धरली की वेगळी, हे कागदावर नसेल तर शेवटच्या बिलावर वाद होतो. शेवटचा दहा टक्के हप्ता सगळी दारं-ड्रॉवर नीट चालल्यावर द्या. चांगला सुतार याला नाही म्हणत नाही.

शेवंती

करवत, मनापासून आभार. खिडक्या राहणार, हे आता पक्कं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि कुठली झडप कुठे घासते ते दाखवत बसल्या. मुलीने लगेच यादी केली.

दोनशेतीस, आमच्याकडे गौरी बसतात, आणि त्या भिंतीवरच डिझायनरने पॅनेलिंग दाखवलंय. ते आता निघेल.

फॉल्स सीलिंग आणि उकाड्याबद्दल कुणी सांगेल का?

गच्चीखाली

आमचंही घर वरच्या मजल्यावर, सहकारनगरला. सीलिंगचं गणित असं: साडेनऊ फुटांतून आठ इंच गेले की राहिले आठ फूट दहा इंच. पंखा त्याखाली फूटभर, म्हणजे पाती सात फूट दहा इंचांवर. चादर झटकताना हात लागेल. हॉलमध्ये पूर्ण सीलिंग करू नका. दिवे लपवायचे असतील तर भिंतीच्या एका कडेने अरुंद पट्टी करा, तेवढी पुरते.

पीओपीने उकाडा थोडा कमी होतो, पण उष्णता स्लॅबमध्ये शिरल्यावर खालून अडवण्यापेक्षा वरून अडवलेली बरी. गच्चीवर पांढरं चायना मोझॅक (चिनी मातीच्या टाइलच्या तुकड्यांचं) केलं तर पाणीही थांबतं आणि ऊनही परत फेकलं जातं. तुळईंनी सांगितलेली गच्चीची दुरुस्ती करणारच असाल तर दोन्ही एकाच खर्चात जुळवा. गच्ची सोसायटीची असते, म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव हवा. तोवर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात देता येतो, फरक रात्री जाणवतो. पश्चिमेच्या बाल्कनीला बाहेरून बांबूची चीक (काड्यांचा पडदा) लावा. पडदा आतून असतो, तो काच तापू देतो. चीक काचेपर्यंत ऊन येऊच देत नाही.

पागोळी

आता जरा डोळ्यांना सुखावणाऱ्या गोष्टींबद्दल लिहू का? घर नीट चालणारं झालं की सुंदरही व्हायला हवं, आणि त्यासाठी फार पैसे लागत नाहीत.

हल्ली 'वाडा थीम' म्हणून भिंतीवर फायबरचे कोरीव दरवाजे चिकटवतात. मला ते बघवत नाही. त्याऐवजी एक दुपार केळकर संग्रहालयात घालवा, मुलांना घेऊन. तिथले दिवे, अडकित्ते, दरवाजे बघा. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी केलेली आहे, आणि नक्षी त्या कामाच्या अंगाने गेली आहे. परतताना विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून ते सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब बघा. काळपट सागवान आणि फिकट भिंत, एवढ्या दोन रंगांवर सगळं उभं आहे. तुमच्याकडे सागवानी खिडक्या आहेत आणि क्रीम-हिरवं मोझॅक आहे. म्हणजे रंगसंगती घरात तयारच आहे. भिंतींना ताकासारखा मऊ पांढरा द्या, लख्ख निळसर पांढरा नको. एका भिंतीला मोझॅकमधल्या चिपांचाच हिरवा, फिका करून. दिवे ३००० केल्विनचे घ्या, म्हणजे लाकूड उबदार दिसेल. ६५०० केल्विनच्या दिव्यात सागवान राखाडी दिसतं आणि माणसंही आजारी दिसतात. ओट्यावर आणि मुलांच्या अभ्यासाला ४००० चालेल.

कापडांनी घर बदलतं. खणाच्या उशा, इरकली काठाचे पडदे, दिवाणावर सोलापुरी चादर. सासूबाईंच्या एखाद्या विरलेल्या नऊवारीचे काठ शाबूत असतील तर त्यांना विचारून त्याचा टेबल रनर करा. भिंतीवर खूप छोट्या चौकटी नकोत, एक मोठी हवी. पिंगुळीची चित्रकथी किंवा वारली चित्र कलाकाराकडूनच घेतलंत तर पैसा योग्य हातात जातो.

आणि एक कोपरा पूर्ण रिकामा ठेवा. ६२० फुटांच्या घरात रिकामा कोपरा ही चैन वाटेल, पण पाहुणे जमिनीवर बसतात, मुलं पसारा मांडतात, गौरी येतात, ते सगळं तिथेच घडतं.

रविवार_पेठ

सामान कुठे घ्यावं यासाठी थोडी भर. लाकूड-प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. कड्या, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल रविवार पेठेत. दिवे आणि वायरी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, पण वायर घेताना शिक्का आणि मीटरचं माप दुकानातच तपासा. तांब्या-पितळेसाठी कसब्यातली तांबट आळी. ठोक्याचं काम समोर होताना बघायला मिळतं, बाल्कनीसाठी एक घंगाळ नक्की घ्या. चीक आणि बांबूचं इतर काम बुरूड आळीत मापाने करून मिळतं, खिडकीची मापं इंचात लिहून न्या. जुन्या पितळी कड्या-कोयंडे हवे असतील तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर जा. सागवानी खिडक्यांना शोभतील असे तिथे मिळतात, फक्त जोड्या जुळतात का ते पाहून घ्या.

झाडं जानेवारीत घ्या. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन तेव्हाच असतं, एका ठिकाणी खूप काही बघायला मिळतं.

नवंकोरं

धागा वाचतेय रोज. पागोळींनी लिहिल्यावर मला वाटतं शेवंतींच्या घरात मोझॅक ठेवावं. आमची फरशी साधी करडी होती, ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. स्वयंपाकघरात मात्र मी अजूनही टाइलच म्हणेन.

मापाचं सांगते, स्वयंपाकघर दहा बाय बारा असेल तर १२० चौरस फूट. दोन बाय दोनची टाइल चार फूट व्यापते, म्हणजे ३० टाइल्स. दहा टक्के तूट धरून ३३. चारी बाजूंची चार इंची स्कर्टिंग धरली की अजून चारेक. शिवाय एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तोच रंग, तीच छटा मिळत नाही.

जुनी_फरशी

पॉलिशबद्दल विचारलं होतंत, उशिरा पाहिलं. पंचविसेक वर्षं हेच काम करतोय.

१९८४ चं मोझॅक असेल तर वरचा चिपांचा थर सहसा चांगला जाड असतो, अजून घासता येतो. आधी सांधे खरवडून त्यात पांढरं सिमेंट आणि फरशीच्या रंगाची पूड भरायची, ते मुरू द्यायचं. मग मशीनला जाड दगड, त्यानंतर बारीक, त्यानंतर त्याहून बारीक, दर वेळी पाणी मारत. घासताना निघणारा चिखल नहाणीत सोडू देऊ नका. तो सिमेंटचाच असतो, पाइपमध्ये घट्ट होऊन बसतो. बादल्यांनी उचलून गाळ वेगळा टाकायला लावा. नवंकोरं म्हणतात ते डाग पुष्कळसे पहिल्या जाड दगडालाच जातात. तेल खूप खोल मुरलं असेल तर सावली राहते.

कामाचा क्रम सांभाळा. जाड दगडाचं काम फर्निचरच्या आधी, कारण पाणी आणि चिखल उडतो. शेवटचा बारीक हात रंगकाम संपल्यावर. त्यावर वॅक्सची चकाकी मारू नका, सासूबाईंचा पाय घसरेल. बारीक दगडाचीच झिलई पुरे.

शेवंती

जुनी_फरशी, हेच हवं होतं. मोझॅक ठेवायचं, स्वयंपाकघरात मॅट टाइल. डिझायनरशीही बोलले. त्यांनी नवा आराखडा करायची तयारी दाखवली, वायरिंग-प्लंबिंगचं वेगळं पत्रक देणार आहेत. लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) टाकायचे असंही ठरलं. पहिला खर्च बाहेरच्या भिंतीवर आणि गच्चीवर, त्यासाठी सोसायटीच्या सचिवांना पत्र दिलंय. आमच्या मजल्यावरची दोन्ही घरं सही करायला तयार आहेत.

एक अडचण राहिली. हॉलच्या बरोबर मधे, पंख्याखाली, तीन फरश्या फुटलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी वरून काहीतरी जड पडलं होतं. तसल्या हिरव्या चिपांच्या फरश्या आता कुठे मिळतील?

जुनी_फरशी

बाजारात शोधू नका, छटा जुळणार नाही. जुळली तरी नवी आणि चाळीस वर्षं पायाखाली घासलेली फरशी शेजारी-शेजारी वेगळी दिसते. कपाट कायमचं जिथे उभं राहणार आहे तिथल्या तीन फरश्या काढा आणि मधे बसवा. कपाटाखाली साधा कोबा करा, तो कधी दिसणार नाही. फक्त काढताना छिन्नी नको, कडा उडतात. चारी सांधे कटरने कापून खालून अलगद उचलायच्या. एखादी तुटेल असं धरून पाच काढा. आणि हे काम पॉलिशच्या आधी करा, म्हणजे घासताना सगळ्या एका पातळीत येतील.

करवत यांना विचारून कपाटाची जागा पक्की करा, मग मला विपुत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) मापं पाठवा.

करवत

पूर्वेच्या खोलीत, दाराच्या मागची भिंत. तिथे ओल नाही आणि सात बाय सहाचं कपाट बसतं. खडूने आखून ठेवा, जमिनीवर कपाट दोन फूट पुढे येईल एवढं धरा. पाच फरश्या त्याच आखणीच्या आतून निघाल्या पाहिजेत.